रेडिएटरवरची लाख

दूधवाल्याने पातळ दूध घातलं तर कुणीही कुरकुर करील. कर्णिक बाई दूध दाट आलं की अस्वस्थ व्हायच्या. "आज एवढं चांगलं का दिलंस?" असं त्या दूधवाल्याला दारातच विचारायच्या, आणि तो बिचारा "बाई, भैंस तो वहीच है" म्हणत सायकल पुढे ढकलायचा. बाईंचं समाधान व्हायचं नाही. चांगल्या दुधामागे काहीतरी कारण असणार आणि ते आज ना उद्या बाहेर पडणार, याबद्दल त्यांना खात्री असे.

भिवंडीच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत आणि पर्यवेक्षिकाही होत्या. मी तिथे मराठी शिकवायला लागलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"आधीची शाळा का सोडलीत?"

"घराजवळ यावं म्हणून."

"ते अर्जात वाचलं मी. खरं कारण काय?"

खरं कारण तेच होतं. पण बाईंनी चष्म्यावरून असं काही पाहिलं की घरी जाऊन मी बायकोला विचारलं, "आपण नक्की कशासाठी आलो गं इकडे?"

उंच, हाडकुळ्या, इस्त्रीच्या सुती साडीत. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, कारण टेबलावर ठेवला तर कुणीतरी उचलील. पर्सच्या चेनला एक पिटुकलं कुलूप. लग्न केलं नव्हतं. त्यामागची गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चवीने सांगितली जाई. पेणचं एक स्थळ बघायला आलं होतं. मुलगा म्हणाला, मी चहा घेत नाही. बाईंनी लगेच विचारलं, "मग काय घेता?" मुलाकडची मंडळी पोहे संपवून जी गेली ती गेलीच. ही गोष्ट खरी का, असं मी एकदा धीर करून बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितली ते आधी सांगा."

पण एक गोष्ट मी त्यांच्या बाजूने सांगेन. ते दिवस आमच्या गावात बरे नव्हते. मधे दंगलीत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि लोक आडनाव ऐकून, गल्ली विचारून संशय घेत. संध्याकाळी कुठून जायचं, कुणाच्या दुकानातून घ्यायचं, सगळ्याचे हिशेब बदलले होते. कर्णिक बाईंचा संशय मात्र सगळ्यांना सारखा. शाळेचे अध्यक्ष, पॉवरलूमवाले शेठ, नाक्यावरचा भाजीवाला, स्वतःची सख्खी आत्या, कुणालाही त्यात सूट नव्हती. शिवाय त्या संशय घेऊन गप्प बसत नसत, खणून काढत. चुकीचं निघालं तर तेही मान्य करत, फक्त तोंडाने नव्हे.

त्यांची गाडी होती. वडील गावातले जुने डॉक्टर, त्यांच्या मागे राहिलेली, कैरीच्या रंगाची, आमच्या काही शिक्षकांपेक्षा वयाने मोठी. त्या काळात कामतघरच्या रस्त्यावरून एक बाई स्वतः मोटार हाकत जाते हे पाहायला लूमवरचे कामगार काम सोडून दारात येत. आत लूमचा खडखडाट आणि बाहेर ही गाडी. बाईंना वाटे, आपण केव्हा घराबाहेर पडतो ते हे लोक टिपून ठेवताहेत. म्हणून त्या रोज थोड्या वेगळ्या वेळी निघत. मी कामतघरलाच राहायचो आणि त्यांच्या गाडीतून जायचो, त्यामुळे मला रोज थोडं लवकर तयार होऊन फाटकाशी उभं राहावं लागे.

लाखेची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे बाईंच्या ताब्यात असत. कागदी पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना लाख, लाखेवर शाळेचा पितळी शिक्का. एका वर्षी गठ्ठा फोडण्याआधी बाईंनी तो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हा उघडलेला आहे." सगळे म्हणाले, शिक्का तर शाबूत आहे. बाई म्हणाल्या, "लाखेला चकाकी बघा. ही दुसऱ्यांदा वितळली आहे. कुणीतरी मेणबत्ती धरली खाली." चौकशी झाली आणि खरंच एका कारकुनाचा भाचा त्याच वर्गात निघाला. त्या दिवसापासून शाळेत बाईंच्या डोळ्यांची दहशत बसली. बाईंच्या मनात मात्र एक गणित कायमचं बसलं, की लाख वितळली म्हणजे कुणीतरी वितळवली.

आता रघू. रघुनाथ तरे, शिपाई, गाव वडपे. तेव्हा वडप्याला गोदामं नव्हती. हायवेलगत माळ, थोडी भातशेती आणि खाणारी तोंडं भरपूर. आठवडाभर तो शाळेतच जिन्याखालच्या खोलीत राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी गावाला जायचा. घंटा द्यायची, शिक्षकांचा चहा करायचा आणि संध्याकाळी बाईंच्या गाडीवर फडका मारून रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं. हे शेवटचं काम त्याला कुणी नेमून दिलं नव्हतं, तो आपणहून करायचा. त्यामुळेच बाईंच्या डोक्यात पहिली पाल चुकचुकली.

रघू अजून तात्पुरता होता. त्याला कायम करायचं की नाही, हे त्या महिन्यात शाळा समितीपुढे येणार होतं. पडघ्याच्या एका मुलीशी त्याचं जुळत होतं. मुलीच्या बापाने स्वच्छ सांगितलं होतं, पोरगा शाळेत कायम झाला की सुपारी फोडू, नाहीतर आमची पोर आम्हाला जड नाही. रघूने हे सगळ्या शाळेला सांगून ठेवलं होतं. कपात चहा ओतताना तो उगाचच हसायचा.

आणि नेमकं तेव्हाच गाडीतलं पाणी कमी व्हायला लागलं.

सकाळी घरून निघताना बाई स्वतः काठोकाठ भरायच्या. संध्याकाळी बघावं तर पातळी खाली गेलेली. गाडीखाली थेंब नाही. बाईंनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून पाहिलं, कागद कोरडा. "गळत नाही, म्हणजे कुणीतरी काढतंय," बाई म्हणाल्या.

"बाई, रेडिएटरचं पाणी चोरून कोण काय करणार?"

"रघुनाथला पाणी नकोच आहे हो. माझी गाडी बंद पडायला हवी आहे. मधे मी त्याला घंटेच्या वेळी विडी ओढताना पकडलं होतं, विसरलात?"

मग सकाळी गाडी सुरू करताना मागून पांढरा धूर यायला लागला. बाई म्हणाल्या, पंपावर पेट्रोलमध्ये काहीतरी मिसळतात. इंजिन मधूनच गचके खाऊ लागलं. बाई म्हणाल्या, बघा, मिसळतातच. आणि एका दुपारी त्यांनी तेलाचं झाकण उघडून मला बोलावलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरी साय धरली होती. तेलात बुडवून काढलेल्या पट्टीवर चहाच्या रंगाचं काहीतरी. बाईंनी बोटावर घेऊन वास घेतला.

"दूध," त्या म्हणाल्या.

"इंजिनात दूध?"

"शाळेत दूध कुणाच्या हातात असतं?"

मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आवरलं. बाईंना सगळे पुरावे एका रांगेत दिसत होते. पाणी जातं, तेलात दूध येतं, आणि दोन्हीपाशी पोचणारा माणूस एकच.

दुसऱ्या दिवशी घरून निघताना त्यांनी रेडिएटरच्या झाकणावरून कागदी पट्टी ओढली, दोन्ही टोकांना लाख ओतली आणि पितळी शिक्का दाबला. मी फाटकाशी उभा राहून हे पाहत होतो. रस्त्यावरचे दोन कामगारही पाहत होते. संध्याकाळी शाळेच्या अंगणात बाईंनी बोनेट उचललं. पट्टी सुटलेली, लाख झाकणावरून खाली ओघळलेली, पाणी कमी.

बाईंनी लाखेला हात लावला नाही. फक्त म्हणाल्या, "मेणबत्ती."

रघूला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. मी कोपऱ्यात वह्या तपासत होतो, म्हणजे तपासल्यासारखं करत होतो.

"रघुनाथ, झाकण कसं उघडलंस?"

"कंचा झाकन बाई?"

"तुला माहीत आहे."

रघूला खरंच माहीत नव्हतं. पण बाईंनी पाणी, दूध, लाख असं एकेक पुढे ठेवलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला. "बाई, पानी मीच वततो. मंग मीच कशाला काढीन? आन् दूध? दूध त चाला पुरत न्हाय!"

"समितीपुढे मला माझं मत द्यावं लागेल," बाई म्हणाल्या.

तो दाराकडे गेला, मग परत वळला. "बाई, ऐतवारी मी गावाला असतो. ऐतवारी गाडी लांब न्या. मी नसताना पानी नाय गेला, त मी चोर. मंग काय बी लिवा."

एखाद्या दुसऱ्या संशयी माणसाने हे कानाआड केलं असतं. पण रघूने नकळत बाईंना एक प्रयोग सांगितला होता, आणि प्रयोगाला नाही म्हणणं बाईंच्या रक्तात नव्हतं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "सर साक्षीला येतील."

रविवारी आम्ही अकलोलीला निघालो. बाईंचे गुडघे धरत, तिथल्या गरम कुंडात बसलं की बरं वाटतं असं त्यांचं म्हणणं. निघताना पाणी काठोकाठ, पट्टी, लाख, शिक्का, सगळं माझ्यासमोर. गावाबाहेर पडेपर्यंत ठीक होतं. पुढे वाड्याच्या रस्त्याला इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागला. अंबाडीच्या अलीकडे बोनेटच्या फटीतून वाफ आली आणि बाईंनी गाडी एका घरापुढे उभी केली.

बोनेट उचललं. पट्टी एका टोकाला लोंबत होती. लाख झाकणावरून खाली सरकत होती, आमच्या डोळ्यांदेखत, ओली, लाल. तिथे मेणबत्ती नव्हती आणि रघूही नव्हता. रस्त्यावर एक म्हैस आणि आम्ही दोघं.

बाई त्या लाखेवर वाकल्या. मग हळूच बोट पुढे केलं, चटका बसला, बोट मागे घेतलं.

"उष्णतेने मऊ होणारे पदार्थ," त्या म्हणाल्या. "मेण, डांबर, लाख. सहावीला दर वर्षी शिकवते मी."

मला त्यांची दया आली, खोटं कशाला सांगू. त्या घरातून पाणी मागून आणलं, इंजिन निवल्यावर भरलं आणि थांबत थांबत परतलो. अकलोली राहिलीच. वाटेत बाई एकच वाक्य बोलल्या, "समिती मंगळवारी आहे."

सोमवारी त्यांनी रजा टाकली आणि गाडी कल्याण नाक्यावर युसुफभाईंच्या गॅरेजात नेली. मी अर्धी रजा घेऊन दुपारी तिथे गेलो तेव्हा बाई स्टुलावर बसून होत्या. रघूवरचा संशय उठला होता, पण संशय म्हणजे काही हवेत विरणारी चीज नव्हे. तो आता युसुफभाईंवर येऊन बसला होता.

युसुफभाई बोलघेवडे आणि तापट. त्यांनी झाकण काढून इंजिन सुरू करून दाखवलं होतं, रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठत होते. मग प्लग काढून ओळीने मांडले. बाकीचे काळे, मधले दोन धुऊन पुसल्यासारखे स्वच्छ. "ये देखो बाई, या दोघांनी आंघोळ केली. पानी अंदर जा रहा है. हेड गॅसकेट गया. हेड खोलना पडेगा."

"दुसरं कारण असूच शकत नाही?"

"असू शकतं. हेडला क्रॅक. मग खर्चा और जास्त. काय पाहिजे तुम्हाला?"

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण आणि गॅसकेट म्हणजे त्याखालचा पाणी-तेल अडवणारा पातळ थर; बाईंनी गॅसकेट पसंत केलं. बोल्ट सैल करताना त्या प्रत्येकाकडे टक लावून होत्या. बाहेरचे आधी, मग आतले, थोडं थोडं फिरवत. "एकदम का नाही काढत?" बाईंनी विचारलं. "एकदम काढलं तर हेड वाकेल, मग तुम्ही म्हणाल युसुफने वाकवलं," युसुफभाई म्हणाले. बाईंना हे उत्तर आवडलं असावं. समोरचा माणूसही आपल्यासारखाच सगळ्याचा विचार आधी करतो, असं त्यांना वाटलं असणार.

हेड उचललं. युसुफभाईंनी जुनं गॅसकेट सोलून काढलं आणि उजेडात धरलं. मधल्या दोन भोकांच्या मधली पट्टी जळून खाल्ली गेली होती. तिथूनच पाण्याच्या वाटेपर्यंत काळी चीर गेलेली.

"इथून पानी सिलिंडरमध्ये. सफेद धुवाँ. और इधर से तेलात. तेल पानी घुसळून हे असं सायीसारखं होतं. दूध नाय बाई."

बाईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं. "हे माझ्याच गाडीचं कशावरून?"

युसुफभाईंनी कपाळावर हात मारला. "तुमच्या नाकासमोर काढलं!"

"हो," बाई विचार करून म्हणाल्या. "ते खरं आहे."

मग दोन्ही पृष्ठभाग खरवडून, पुसून लख्ख झाले. बाईंनी पर्समधून प्रयोगशाळेची पोलादी पट्टी काढली. युसुफभाईंनी ती हेडवर आडवी धरून मागे दिवा लावला, कुठूनही उजेड झिरपला नाही, हेड सरळ होतं. नवं गॅसकेट बसलं, बोल्ट आता मधून बाहेर असे फेऱ्या घेत आवळले गेले, तेल बदललं. इंजिन तापवून, निववून परत आवळलं. संध्याकाळी गाडी सुरू झाली तेव्हा मागून धूर नव्हता. बाई तरीही मागे जाऊन वाकून पाहून आल्या.

मंगळवारच्या सभेला शिक्षक प्रतिनिधी म्हणून मीही होतो. रघूचं नाव आलं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाईंची काही तक्रार होती वाटतं." बाई उभ्या राहिल्या. "होती. ती चुकीची होती. रघुनाथला कायम करावं, आणि माझी तक्रार चुकीची होती असं नोंदवून घ्यावं." अध्यक्षांना हे इतकं नवीन होतं की त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

सभेनंतर व्हरांड्यात रघू उभा होता. बाई त्याच्यासमोर थांबल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "रघुनाथ, गॅसकेट गेलं होतं."

"बरा झाला बाई," रघू म्हणाला.

एवढंच. तो कायम झाला, पडघ्याला सुपारी फुटली, आम्ही सगळे लग्नाला जेवून आलो. बाईंनी नवरीला साडी नेसवली. पण सभेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी बोनेट उचललं तेव्हा रघूने पाण्याची बादली आणली, गाडीपासून हातभर लांब ठेवली आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. "बाई, तुम्हीच वता." पुढे कितीतरी वर्षं रोज हेच. बादली आणायचा, हात लावायचा नाही. तोंडाने कधी उणं बोलला नाही, कामात कसूर नाही. बाईंनी एकदा मला विचारलं, "हा अजून रागावलाय का हो?" मी म्हटलं, "त्यालाच विचारा." बाईंनी जगात सगळ्यांना सगळं विचारलं, पण हे काही विचारलं नाही.

नव्वदच्या पुढे कधीतरी बाई निवृत्त झाल्या. मीही पुढे बदली होऊन लांब गेलो. मी जाण्याआधीच्या मे महिन्यात एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही शहापूरला निघालो होतो. त्यांच्या गाडीतून केलेला तो माझा शेवटचा प्रवास. गाडी तीच, बाईही त्याच, दोघींचेही सांधे कुरकुरत होते. वडप्याजवळ काटा चढला. हायवेच्या कडेला आता पत्र्याची गोदामं उभी राहायला लागली होती, सावली मात्र कुठे नव्हती. आम्ही बोनेट उघडून गाडी निवण्याची वाट बघत बसलो.

कुणीतरी गावात सांगितलं असावं. रघू शेताच्या बांधावरून येताना दिसला, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर पाण्याचा हंडा. सुट्टी होती, घरीच होता. जरा जाडला होता, कानशिलं पांढरी. त्याने हंडा उतरवला, गाडीपासून हातभर लांब ठेवला आणि हात पाठीमागे बांधले.

बाईंनी रुमाल धरून झाकण फिरवून पाहिलं. बोटांत जोर नव्हता. मी पुढे झालो.

"तुम्ही थांबा, सर," बाई म्हणाल्या. "रघुनाथ, तू उघड. पाणी घाल."

"बाई, मी हात नाय लावत. तुमाला म्हाईत हाय."

"माहीत आहे."

असं म्हणून बाई वळल्या, सावकाश गाडीचं दार उघडून आत स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. समोर बोनेट उभं. तिथून त्यांना इंजिन दिसत नव्हतं, झाकण दिसत नव्हतं, रघूही दिसत नव्हता.

रघूने माझ्याकडे पाहिलं. "सर, बाई बघत नाईत?"

"नाही," मी म्हटलं.

ट्रक जात होते, त्यांची धूळ अंगावर येत होती. मग त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी करून झाकणावर ठेवला आणि फिरवलं. थोडी वाफ गेली. हंडा उचलून त्याने धार धरली, थेंब न सांडता, काठोकाठ. झाकण लावलं, बोनेट खाली घेतलं, वर हलकेच तळहात टेकला.

"झाला बाई!" तो ओरडला.

बाई तपासायला खाली उतरल्या नाहीत. त्यांनी चावी फिरवली.